माणिकडोहचा दवाखाना

बिबट्या हा येऊरच्या जंगलातला प्राणी, खाडीच्या पलीकडचा, असा कळव्यात राहणाऱ्या बहुतेकांचा समज आहे. आमच्या बाजूला पारसिकचा डोंगर, रेल्वेची कारशेड, खारेगावची पाणथळ आणि दाटीवाटीची वस्ती. इथे तो कशाला येईल? पण २० फेब्रुवारी २०१९ ला तो ठाण्यात कोरम मॉलच्या आवारात दिसला आणि काही तासांनी समतानगरमधल्या एका हॉटेलच्या तळघरातून वनखात्याने त्याला बेशुद्ध करून बाहेर काढलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेच्या चिंचपाडा भागात एक बिबट्या चक्क राहत्या इमारतीत शिरला, त्याने काही जणांना जखमी केलं आणि संध्याकाळपर्यंत सगळा परिसर घरांत अडकून पडला. दोन्ही दिवशी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ फिरत होते. पिंजऱ्याची गाडी निघून गेली आणि विषय संपला. मला मात्र त्याच्या पुढचंच जाणून घ्यायचं होतं. पकडलेला बिबट्या शुद्धीवर कसा येतो? त्याला तपासतात म्हणजे नेमकं काय करतात? आणि त्याला सोडायचं कुठे, हे कशावरून ठरतं?

मी परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. १८८६ मध्ये सुरू झालेलं हे देशातल्या सर्वांत जुन्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांपैकी एक. गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, मांजर, कोंबडी यांच्यात आमची वर्षं जातात. वन्यप्राणी पुस्तकात थोडे येतात आणि हाताखाली त्याहून थोडे. ज्यांना याच वाटेने जायचं असतं ते नागपूरच्या गोरेवाडा वन्यजीव केंद्राचा किंवा डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा विचार करतात, आणि शिष्यवृत्ती मिळाली तर दक्षिण आफ्रिकेचा. माझी एक सीनियर तिकडच्या एका फील्ड कोर्सला जाऊन आली होती. तिचे फोटो बघून आमच्या हॉस्टेलवर महिनाभर दुसरं बोलणं नव्हतं. मला मात्र वाटत होतं की गेंडा आणि रानम्हैस शिकायला तिकडच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात जावं हे खरं, पण माणसांच्या गर्दीत राहणारा बिबट्या शिकायचा तर जगाने आपल्याकडे यायला हवं. ती जागा कल्याणहून सुटणाऱ्या एसटीच्या रस्त्यावर आहे. जुन्नरजवळ, माणिकडोह धरणाच्या शेजारी वनखात्याचं बिबट निवारा केंद्र आहे आणि २००७ पासून वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था वनखात्याबरोबर तिथलं काम बघते. हे काही प्राणिसंग्रहालय नाही. तिकीट काढून आत जाता येत नाही. पत्रव्यवहार करून, परवानगी मिळवून आम्ही चार विद्यार्थी डिसेंबरात निघालो.

कल्याणच्या स्टँडवरून दुपारची गाडी पकडली. शहाड, कांबा, रायत्याला उल्हास नदीचा पूल, मग गोवेली, मुरबाड. इथपर्यंत भातशेतीचा मुलूख. कापणी होऊन गेलेली, शेतात पेंढ्याच्या उडव्या आणि मधूनमधून वालाची हिरवी पट्टी. सरळगाव, टोकावडे मागे पडलं की समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते आणि गाडी माळशेजच्या वळणांना लागते. पावसाळ्यात मुंबई-ठाण्याची निम्मी तरुणाई या घाटात भिजायला येते. डिसेंबरात तो रिकामा असतो, धबधब्यांच्या जागी कातळावर नुसत्या काळ्या रेघा. मला हा घाट वेगळ्याच कारणासाठी बघायचा होता.

२००९ च्या उन्हाळ्यात नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. वयस्क नर, स्वभावाने इतका शांत की वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या पथकाने त्याचं नावच आजोबा ठेवलं. त्याला बाहेर काढून, बेशुद्ध करून गळ्यात जीपीएसची कॉलर घातली, कातडीखाली चिप बसवली आणि माळशेजच्या जंगलात सोडलं. जंगल चांगलं, पाणी आहे, माणूस कमी. आजोबा इथे राहील अशी कुणाचीही अपेक्षा असती. तो राहिला नाही. पुढच्या काही आठवड्यांत तो सुमारे १२० किलोमीटर चालला. कसाऱ्याला त्याने रेल्वे ओलांडली, मुंबई-नाशिक महामार्ग ओलांडला, वसईच्या औद्योगिक पट्ट्यातून वाट काढली, खाडी पोहून पार केली आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागात येऊन थांबला. म्हणजे आमच्या घोडबंदर रोडच्या बाजूला. कॉलरने पाठवलेले ठिपके नकाशावर मांडले नसते तर कुणाला पत्ताही लागला नसता, कारण एवढ्या प्रवासात त्याने माणसाला धक्का लावला नाही. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेत एक बिबट्या मेला. मेलेल्या बिबट्यावरून चिप वाचायचं यंत्र फिरवलं, नंबर आला, आणि तो आजोबा निघाला. त्याच्यावर २०१४ मध्ये मराठीत चित्रपटही आला, त्यामुळे नाव अनेकांना ठाऊक आहे. मला त्यातला चिपचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. तो नंबर नसता तर रस्त्यावर मेलेलं ते एक बेवारस जनावर ठरलं असतं.

घाट चढून वर आलं की मढ गावापाशी पिंपळगाव जोगे धरणाचा फुगवटा दिसतो आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळा देखावा पालटतो. कांदा, टोमॅटो, द्राक्षं, आणि त्यांना वेढून ऊस. पिंपळगाव जोगे, माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणं. कालव्यांनी पाणी आलं, पाण्याने ऊस आला, ऊस म्हणजे वर्षभर उभं राहणारं दाट रान. बिबट्याच्या मादीला पिल्लं लपवायला याहून सोयीची जागा नाही. खायला वस्तीवरची कुत्री आहेत, शेळ्या आहेत, डुकरं आहेत. शेजारच्या अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार काढला, तेव्हा खाल्लेल्या मांसात वजनाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. आणि तिथे दर १०० चौरस किलोमीटरला जवळजवळ ५ प्रौढ बिबटे होते, राखीव जंगलाचा पत्ता नसताना, चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहत असताना. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चारही तालुके ज्या जुन्नर वनविभागात येतात तिथली परिस्थिती याहून निराळी नाही. इथल्या बिबट्यांच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या. त्यांना जंगलातून भरकटून आलेले समजणं ही पहिली चूक, असं केंद्रातल्या डॉक्टरांनी आम्हाला आल्या-आल्या सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही केंद्राच्या फाटकाशी होतो. थंडी चांगली होती. आत जाण्याआधी बूट पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यात बुडवायचे. गप्पा नाहीत, अत्तर नाही, भडक कपडे नाहीत, मोबाइल बंद. पिंजऱ्यांच्या ओळीपाशी गेल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो वास, आणि मग एक खालच्या पट्टीतली खरखर, जी कानापेक्षा छातीत जास्त ऐकू येते. प्राण्यांची देखभाल करणारे काका पुढे चालत होते. ते म्हणाले, "ताई, डोळ्याला डोळा लावून बघू नका. तुम्ही बघत राहिलात की त्याला वाटतं तुम्ही भांडायला आलात." तेवढ्यात डावीकडच्या जाळीवर एक मादी येऊन आदळली. काका जागचे हललेही नाहीत. तिच्याकडे पाठ न करता, हळूच बाजूला सरकत त्यांनी आम्हाला पुढे नेलं.

इथे राहणाऱ्यांतले बरेच परत जाऊ शकत नाहीत. कुणाचा पाय फाशात अडकून गेला आहे, कुणाला मोतीबिंदू आहे, कुणी पिल्लू असताना आईपासून तुटून माणसाच्या हातावर वाढला आहे. आणि कितीतरी जणांचे सुळे तुटलेले आहेत. पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या रात्रभर गज चावत राहतो, त्यात सुळे जातात. सुळे गेले की त्याला भक्ष्य धरता येत नाही आणि सोपी शिकार शोधण्याची पाळी येते. पिंजरा लावणं हाच एक उपद्रव आहे, ही गोष्ट मला इथे त्या तोंडांकडे बघून समजली. वर्गात कुणी सांगितली असती तरी एवढी पटली नसती.

त्या दिवशी एका म्हाताऱ्या नराची वार्षिक तपासणी होती. आदल्या दिवसापासून त्याला उपाशी ठेवलेलं, कारण झायलाझीन दिल्यावर मांजरकुळातले प्राणी हमखास ओकतात आणि बेशुद्धीत ओकारी फुप्फुसात गेली तर सगळं संपलं. हवेत गारवा असतानाच काम उरकायचं, कारण बेशुद्ध प्राण्याला अंगातली उष्णता आवरता येत नाही. डॉक्टरांनी झायलाझीन आणि केटामीन भरलेली डार्ट फुंकनळीत घातली, जाळीपासून अंतर घेतलं आणि मांडीच्या जाड स्नायूवर नेमकी मारली. तो गुरगुरला, वळला, डार्टकडे बघितलं. मग वाट बघायची. हे काही सिनेमातल्यासारखं नसतं. औषध लागलं की जनावर लगेच कोसळत नाही. पाच मिनिटांनी मागचे पाय लटपटले, दहा मिनिटांनी मान खाली गेली. एका लांब काठीने कानाला स्पर्श करून बघितला. कान हलला नाही. तरी आणखी थोडं थांबून मगच दार उघडलं.

इथून पुढे प्रत्येकाला काम नेमून दिलेलं होतं. केटामीनमध्ये डोळे उघडेच राहतात, म्हणून आधी डोळ्यांत मलम, मग त्यावर काळं फडकं. जिभेला पल्स ऑक्सिमीटरचा चिमटा. माझ्याकडे तापमान आणि श्वास होते, दर पाच मिनिटांनी मोजून मोठ्याने सांगायचे. पहिला आकडा ३८.६, नंतर ३८.९, मग ३९.४. डॉक्टरांनी वर न बघता "पाणी" म्हटलं आणि एकाने तळव्यांवर, पोटावर पाणी शिंपायला सुरुवात केली. आकडा थांबला. शेपटीच्या शिरेतून रक्त घेतलं, दोन वेगवेगळ्या नळ्यांत भरलं, चष्म्याची काच पुसावी इतक्या काळजीने त्यांवर लेबलं लावली. नखं बघितली, एक वाढून गादीत शिरायला लागलं होतं, ते कापलं. दात बघितले. तोंड उघडून धरायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा हातमोज्यातूनही त्या जबड्याचं वजन कळत होतं. वरचा डावा सुळा निम्मा तुटलेला, कडा झिजून गुळगुळीत झालेली. शेपटीच्या मुळाशी चिप वाचायचं यंत्र फिरवलं आणि नंबर वहीतल्या नंबराशी जुळवला.

सगळं झाल्यावर मला वाटलं आता उतारा देतील. योहिम्बिन भरून तयारही होतं. डॉक्टर घड्याळाकडे बघत बसले. झायलाझीनला उतारा आहे, केटामीनला नाही. घाई करून झायलाझीन उतरवलं तर अंगात उरलेलं केटामीन एकटं पडतं आणि प्राण्याला झटके येतात. म्हणून केटामीनचा जोर ओसरेपर्यंत थांबायचं, आणि थांबताना तापमान, श्वास, नाडी मोजत राहायचं. औषधशास्त्राच्या पेपरात हे मी लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. पण पन्नासेक किलोचा बिबट्या समोर पडलेला असताना, बाहेर ऊन चढत असताना, काहीही न करता बसून राहायला किती धीर लागतो हे उत्तरपत्रिकेत येत नाही.

उतारा दिल्यावर थोड्या वेळाने त्याने डोकं उचललं. तोवर आम्ही बाहेर होतो.

चहा पिताना डॉक्टरांनी २००१ ते २००३ चा काळ सांगितला. जुन्नर भागात तेव्हा बिबट्यांचे हल्ले वाढले, लोकांचा रोष वाढला, आणि धडाक्याने पिंजरे लावून बिबटे पकडायचे व लांबच्या जंगलात नेऊन सोडायचे असं सुरू झालं. हेतू चांगलाच होता. पण विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की या मोहिमेआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, आणि मोहीम सुरू झाल्यावर ते १७ झाले. अनोळखी मुलखात नेऊन टाकलेला बिबट्या घाबरलेला असतो, जखमी असतो, तिथल्या बिबट्यांशी त्याची मारामारी होते, आणि तो आपल्या घराच्या दिशेने चालू लागतो. आणि इकडे त्याची रिकामी झालेली जागा एखादा नवखा तरुण नर घेतो. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चिपचा पुन्हा उपयोग झाला होता: सोडलेल्या प्राण्याला नंबर असल्याशिवाय तो कुठे पोचला हे सिद्ध करता येत नाही. मुंबईकरांनी हे आवर्जून वाचावं असं मला वाटतं, कारण आजही आपल्याकडे बिबट्या दिसला की पहिली मागणी "पकडून लांब सोडा" हीच असते.

अर्थात, ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला हे आकडे सांगून काहीच उपयोग नाही. जुन्नर, शिरूरच्या वाड्यावस्त्यांवर लहान मुलं आणि शेतमजूर बिबट्याच्या हल्ल्यात मेले आहेत. शेतीपंपाला वीज अनेकदा रात्री मिळते, म्हणून माणसाला अंधारात बॅटरी घेऊन उसात पाण्याला जावं लागतं. दिवसा थ्री फेज द्या ही इथली जुनी मागणी आहे. बिबट्यांच्या आरोग्यावर बोलताना महावितरणचं वेळापत्रक मध्ये येतं, हे परळला बसून कधी सुचलं नसतं. नसबंदीची मागणीही जोर धरते आहे. डॉक्टर त्यावर एवढंच म्हणाले की एका मादीला शस्त्रक्रिया करायची तर आधी तिला पकडायचं आलं, आणि पकडण्याची किंमत सकाळी तुम्ही त्याच्या तोंडात बघितलीत.

सकाळी अकराच्या सुमारास फोन आला. ओतूरच्या बाजूला एका गावात ऊसतोड चालू होती आणि तोडणाऱ्यांना सरीत दोन पिल्लं दिसली होती. आम्हाला गाडीत मागे बसायला परवानगी मिळाली.

गणेश खिंड उतरून गेलो. शेतावर पन्नास-साठ माणसं जमलेली, कोयते बाजूला ठेवलेले, बैलगाड्या थांबलेल्या. निम्मा फड तोडून झाला होता, निम्मा उभा. वनरक्षक आधीच येऊन लोकांना मागे सारत होता. पिल्लं पाचटावर होती, डोळे उघडलेले, निळसर. साधारण दीड महिन्याची. तोडणीवाल्या बायकांपैकी एकीने त्यांच्यावर सावलीला पाचट धरलं होतं, हात न लावता. इथल्या बायकांना हे आता माहीत झालं आहे.

शेतमालक हात जोडून म्हणाला, "साहेब, घेऊन जा ना ओ यांना. मला रात्री पाण्याला यायचंय." वनरक्षक त्याच्याच वयाचा, त्याच तालुक्यातला. तो म्हणाला, "दादा, पिल्लं नेली तर ती आई इथंच घिरट्या घालंल. चिडंल. आज रात्री तिची तिला मिळाली की ती उद्या इथं नसंल." बराच वेळ बोलणं चाललं. शेवटी मालकाने उरलेला फड दोन दिवस न तोडण्याचं कबूल केलं. टोळीच्या मुकादमाने शेजारच्या प्लॉटवर कोयते हलवले. तोडणीच्या हंगामात दोन दिवस थांबणं म्हणजे कारखान्याची पाळी हुकण्याचा धोका, हे तिथे सगळ्यांना कळत होतं. त्या माणसाने ते कबूल केलं हे मला फार मोठं वाटलं.

पिल्लांची तपासणी झाडाखाली ताडपत्रीवर झाली. हातमोजे, मास्क. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. लगेच जागेवर आली, म्हणजे अंगात पाणी पुरेसं. हिरड्या गुलाबी. कानांत आणि काखेत गोचिडी होत्या, त्या चिमट्याने काढून स्पिरिटच्या बाटलीत टाकल्या, पुढे तपासायला. एक नर, एक मादी. तराजूत नराचं वजन दोन किलोच्या थोडं वर, मादीचं थोडं खाली. मग दोघांच्याही कातडीखाली चिप. नर पिल्लू माझ्या हातात होतं. सुई टोचल्यावर त्याने फिसकारून माझ्या अंगठ्यावर पंजा मारला आणि मोजा फाडला. डॉक्टरांनी लगेच हात धुवायला लावला, ओरखडा नाही हे स्वतः बघून घेतलं. आमची सगळ्यांची रेबीजची लस आधीच झालेली होती, त्याशिवाय इथे हात लावू देत नाहीत.

कुत्री खाणाऱ्या बिबट्याच्या बाबतीत आजार कुत्र्यांकडून येतात: रेबीज, पार्वो, डिस्टेंपर. गीरमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये दलखाणिया भागात २३ सिंह मेले आणि तपासणीत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. जुन्नरच्या बिबट्यांचं आरोग्य राखायचं तर वाडीतल्या कुत्र्यांचं लसीकरण करणं हे बिबट्याला डार्ट मारण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे. ते काम नेहमीच्या सरकारी दवाखान्यातला पशुवैद्यक करू शकतो. उलट बाजूनेही असंच घडतं. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे २०१६ पासून माकडतापाने माणसं आजारी पडली. तिथे आधी माकडं मरत होती. मेलेल्या माकडाची खबर वेळेवर आली तर माणसांना सावध करता येतं.

पिल्लांना बाटलीतून थोडं पाणी पाजून, जिथे सापडली त्याच सरीत, एका प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवलं. क्रेट अशी की पिल्लू बाहेर पडू नये, पण आईला पंजाने कलंडवता यावी. दोन्ही बाजूंना कॅमेरे बांधले. सूर्य मावळायच्या आत सगळी माणसं हटवली. आमची गाडी बरीच लांब, बांधावरच्या आंब्याखाली, दिवे बंद करून उभी राहिली.

त्या काळोखात बोलायला बंदी नव्हती, फक्त आवाज खाली ठेवायचा होता. डॉक्टरांनी माझ्या सीनियरच्या आफ्रिकेच्या कोर्सबद्दल विचारलं. तिने सांगितलेलं मी सांगितलं. क्रुगरच्या पश्चिमेला लांबच लांब कुंपण आहे. आत रानम्हशी, बाहेर गावांची गुरं. रानम्हशींच्या अंगात लाळ्या-खुरकुताचे विषाणू असतात, त्यांना त्याचं काही होत नाही, गुरांना होतं. म्हणून कुंपणाबाहेरच्या गावांत दर आठवड्याला गोचीड मारायच्या हौदापाशी सगळी गुरं आणायची आणि प्रत्येकाचं तोंड, खूर तपासायचे. विद्यार्थी तिथेच शिकतात. ह्लुवुकानी गावात प्रिटोरिया विद्यापीठाचा दवाखाना आहे. उलट दिशेने क्षय गेला: गुरांमधून रानम्हशींत, म्हशी खाऊन सिंहांत. क्रुगरच्या म्हशींत तो पहिल्यांदा सापडला १९९० मध्ये. मला सीनियरची वही वाचताना ओळखीचं काहीतरी सारखं जाणवत होतं. गुरांच्या बुळकांडी या साथीने १८९० च्या दशकात आफ्रिकेतली गुरं आणि रानम्हशी एकदमच झोपवल्या. त्याच बुळकांडीवर संशोधन करायला आपल्याकडे १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा निघाली, जी पुढे मुक्तेश्वरला हलली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. जनावरांचा असा समूळ संपलेला आजार दुसरा नाही.

"त्यांच्याकडे कुंपण आहे," डॉक्टर म्हणाले. "आपल्याकडे बांध आहे. त्यावरून सगळेच जातात." मग ते म्हणाले की तिकडच्या पोरांना इथे आणायला हवं, एक तोडणीचा हंगाम.

आठ वाजून गेल्यावर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर हालचाल दिसली. मादी उसातून बाहेर आली नाही, आधी कडेला बसून राहिली. बरीच मिनिटं. मग एकदम क्रेटपाशी, एक पंजा, क्रेट आडवी. तिने एका पिल्लाला मानगुटीला धरलं आणि उभ्या उसात शिरली. दुसरं बाहेर येऊन ओरडत राहिलं. आमच्या गाडीत कुणी श्वास सोडला नाही. अर्ध्या तासाने ती परत आली आणि त्यालाही घेऊन गेली, पण या वेळी पूर्वेकडे, शेजारच्या प्लॉटच्या दिशेने.

वनरक्षकाने वहीत दोन्ही चिपचे नंबर, वेळ, शेताचा गट क्रमांक आणि मादी गेली ती दिशा लिहिली. शेतमालकाला फोन करून सांगितलं की दोन्ही पिल्लं गेली, पण आज रात्री पाण्याला येऊ नका. त्याने विचारलं, उद्या तोडू का? वनरक्षक म्हणाला, परवा. मग त्याने शेजारच्या प्लॉटच्या मालकाचा नंबर शोधला, कारण त्याची तोडणी पुढच्या आठवड्यात होती, आणि ती कुठल्या बाजूने सुरू करायची हे त्याला सकाळी भेटून सांगायचं होतं.